कूलरच्या खोलीतला दिवा

फोटो स्टुडिओसाठी स्ट्रोब, म्हणजे क्षणभर झोत टाकणारा फ्लॅश, घ्यावा की सतत जळणारा एलईडी दिवा, या प्रश्नावर जे काही लिहिले-बोलले जाते त्यात खोलीचा उल्लेख फारसा आढळत नाही. दिव्याची ताकद, उजेडाचा रंग, वजन आणि किंमत यांची तुलना असते. परंतु तो दिवा ज्या चार भिंतींच्या आत लागणार आहे त्यांना खिडक्या किती, छत किती उंच, बाहेरचे ऊन कसले आणि आतली हवा कशाने गार होते, हे कोणी विचारत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या इमारतीच्या माडीवर स्टुडिओ चालवताना माझे मत असे होत गेले आहे की, नागपुरात तरी या निवडीतला पहिला कौल कॅमेरा देत नाही आणि दिवाही देत नाही. तो कूलर देतो.

विधान चेष्टेचे वाटेल, म्हणून ते उलगडून सांगतो. एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, त्यामुळे दारे-खिडक्या बंद असणे ही त्याची गरज असते. कूलरचे याच्या उलट आहे. तो बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या खसाच्या ताट्यांतून आत ओढतो, पाण्याचे बाष्प होताना तिची उष्णता खर्च होते, आणि गार झालेली ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तरच मागची हवा आत येऊ शकते. समोरची खिडकी लावून घेतली की थोड्याच वेळात खोलीत दमटपणा साठतो, घाम वाळेनासा होतो आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कपाळावरची पावडर ओघळू लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो अशा गावात, ज्या स्टुडिओची सारी भिस्त कूलरवर आहे त्याला खिडकी उघडी ठेवावीच लागते. आणि उघड्या खिडकीतून हवा बाहेर जाते तसा उजेड आत येतो. छायाचित्रकाराने लावलेला दिवा या न बोलावलेल्या उजेडाला पुरून उरतो की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

स्ट्रोबचे काम दोन टप्प्यांत चालते. त्याच्यातले कपॅसिटर सेकंद-दोन सेकंद वीज साठवतात आणि ट्रिगरचा इशारा मिळताच ती सारी वीज झेनॉन वायूने भरलेल्या नळीतून एकदम सोडतात. ४०० वॅट-सेकंदांचा, म्हणजे ४०० ज्यूलचा, मध्यम ताकदीचा स्ट्रोब ही ऊर्जा सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात बाहेर टाकतो. तेवढ्या क्षणापुरती त्याची सरासरी शक्ती चार लाख वॅट होते. ३०० वॅटचा एलईडी दिवा मात्र, शटर १/१२५ सेकंद उघडे असताना, जेमतेम २.४ ज्यूल खर्च करतो. एलईडी विजेचे उजेडात रूपांतर झेनॉनच्या नळीपेक्षा अधिक चांगले करतो, म्हणून त्याला दुपटीची सूट दिली तरी दोघांमध्ये ऐंशीपटींहून जास्त, आमच्या धंद्याच्या बोलीत सहा स्टॉपांहून जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट), अंतर उरते. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे: स्ट्रोबने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, १०० वर ठेवून जे चित्र मिळते, ते लेन्सच्या तेवढ्याच उघड्या भोकावर, म्हणजे त्याच अ‍ॅपर्चरवर आणि त्याच शटरवर एलईडीने मिळवायचे तर आयएसओ ६४०० च्याही पुढे जावे लागेल. प्रत्यक्षात तसे कोणी करीत नाही. अ‍ॅपर्चर थोडे उघडले जाते, शटर थोडे मंद केले जाते, आयएसओ थोडा चढवला जातो. आणि या तिन्ही तडजोडी खिडकीच्या उजेडाला आत घेण्याच्याच तडजोडी असतात.

माझ्या खोलीत कूलर चालू असताना, खिडकी उघडी असताना, दुपारी अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/२०० आणि आयएसओ १०० ही मापे लावून आणि स्ट्रोब बंद ठेवून फ्रेम घेतली, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर जवळजवळ काळे चित्र येते. खोलीत आपण आरामात वर्तमानपत्र वाचू शकतो, पण कॅमेऱ्याच्या लेखी तिथे रात्र असते. नव्या मदतनिसाला मी पहिल्यांदा ही एकच फ्रेम घ्यायला लावतो, कारण स्ट्रोबचे सारे मर्म तिच्यात आहे. झोत शटरच्या उघड्या काळापेक्षा कितीतरी आधी संपत असल्यामुळे शटरचा वेग बदलून त्याच्या उजेडात काही फरक पडत नाही. तो वेग फक्त खिडकीच्या उजेडाला कमी-जास्त करतो. झोताला आवरते ते अ‍ॅपर्चर आणि स्ट्रोबवरचे बटण. दोन उजेडांना दोन वेगळे लगाम मिळतात, हे सुख सतत जळणाऱ्या दिव्यात नाही, कारण तिथे शटर दोन्ही उजेडांना सारखाच हात लावते. स्ट्रोबच्या या सुखालाही मर्यादा आहे. पडदा सरकणाऱ्या शटरचा सिंक, म्हणजे झोताशी जुळू शकणारा सर्वांत जलद वेग, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या आसपास थांबतो आणि त्यापुढे चित्रावर काळी पट्टी येते. २०२३ च्या नोव्हेंबरात सोनीने ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळे चित्र एकाच क्षणी टिपणारा, कॅमेरा जाहीर केला आणि ती मर्यादा थेट १/८०००० पर्यंत ढकलली, परंतु पासपोर्टचे आणि स्थळासाठीचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओला त्या पल्ल्याचे काम क्वचितच पडेल.

खिडकीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. छायाचित्रणाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांतून उत्तरेच्या खिडकीची मोठी थोरवी गायलेली असते: तिथून थेट ऊन कधी येत नाही, दिवसभर सारखा मऊ उजेड मिळतो. लंडनला हे दुपारपुरते अगदी बरोबर आहे. नागपूर मात्र २१ अंश अक्षांशाच्या किंचित वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या अखेरीस सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तेव्हापासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मध्यान्हीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी तर तो उत्तरेकडे चांगलाच झुकलेला असतो. ज्या महिन्यांत कूलरसाठी खिडकी उघडी ठेवावी लागते, त्याच महिन्यांत उत्तरेच्या खिडकीचा पुस्तकी भरवसा संपतो. माझ्या उत्तरेच्या खिडकीसमोर शेजारच्या घराची पोपटी भिंत आहे. तिच्यावर ऊन पडले की जो उजेड आत येतो, तो एलईडीने उजळलेल्या गालाच्या कडेला हिरवट रेघ ओढतो, आणि ती रेघ संगणकावर पुसण्यात अर्धी संध्याकाळ जाते.

कूलर वाराही करतो. तो पदर हलवतो, कपाळावरची बट उडवतो, लहान मुलाच्या हातातला फुगा फिरवतो. स्ट्रोबच्या कुळाचा इतिहास नेमका अशाच हलणाऱ्या वस्तूंपासून सुरू होतो, याची मला गंमत वाटते. १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॉक्स टॅल्बट याने वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि विजेच्या ठिणगीच्या उजेडात त्याचे असे छायाचित्र घेतले की त्यावरची अक्षरे वाचता येत होती. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून असे झोत हवे तेव्हा आणि हवे तितक्या वेळा काढण्याची विद्या पक्की केली. दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंदातून आरपार गेलेली गोळी ही त्यांची चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. माझ्या पदराला आणि बटेला एवढा वेग लागत नाही. तरीही १/१०० सेकंदावर एलईडीने घेतलेल्या फोटोत उडणाऱ्या केसांचे टोक पुसट होते आणि स्ट्रोबने घेतलेल्यात केसन् केस मोजता येतो, हा फरक मोठ्या छपाईत लगेच दिसतो. खरेदी करणाऱ्याने एवढे मात्र पाहावे की, जुन्या धाटणीच्या स्ट्रोबमध्ये ताकद कमी केली की झोत लांबतो, आणि झोत मध्येच तोडणाऱ्या आयजीबीटी पद्धतीच्या नव्या स्ट्रोबमध्ये तो आखूड होतो. माहितीपत्रकात दिलेला आकडाही बहुधा अर्ध्या तेजापर्यंतचाच असतो. खरा पूर्ण काळ साधारण त्याच्या तिप्पट धरावा.

उष्णतेचा हिशेब तर अजूनच एकतर्फी आहे. हॅलोजनच्या काळात हजार-हजार वॅटचे दोन दिवे लावून कुटुंबाचा फोटो घेताना आजोबांपासून नातवापर्यंत सगळे घामाघूम होत, कारण त्या दिव्यांत विजेचा नव्वद टक्क्यांहून मोठा भाग उष्णतेत जात असे. एलईडीने हे दुःख पुष्कळ कमी केले, यात शंका नाही. पण ३०० वॅटचे दोन एलईडी म्हणजे खोलीत ६०० वॅट उष्णता ही गोष्टही खरीच आहे, कारण बाहेर पडलेला उजेडसुद्धा शेवटी भिंतींत आणि कपड्यांत जिरून उष्णताच होतो. ४०० वॅट-सेकंदांचा स्ट्रोब दर दहा सेकंदांनी पूर्ण ताकदीने एकदा उडवला, तर त्याचा सरासरी खर्च ४० वॅटच्या आसपास पडतो. शिवाय एसी बसवला तर हा ६०० वॅटचा बोजा त्याला सहज पेलतो. कूलरला बाहेरच्या हवेच्या कोरडेपणावर भिस्त ठेवून जेवढे जमते तेवढेच जमते.

आता एलईडीच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा घेऊ: तिथे जे दिसते तेच मिळते, म्हणून शिकाऊ माणसासाठी तो सोपा. हे मला अर्धेच पटते. सावली कुठे पडते, नाकाची रेघ ओठापर्यंत उतरते का, चष्म्यात दिव्याचे प्रतिबिंब येते का, या गोष्टी डोळ्यांना आधी दिसतात हे खरे. पण उजेड आणि अंधार यांतले अंतर डोळा प्रामाणिकपणे दाखवत नाही. तो अंधारलेल्या बाजूकडे वळला की बाहुली मोठी करतो, उजळ बाजूकडे वळला की लहान करतो, आणि मेंदू दोन्ही जोडून एक समजूतदार चित्र उभे करतो. रंगाचेही तसेच, पिवळसर दिव्याखाली पाच मिनिटे बसले की पांढरा सदरा पांढराच वाटू लागतो. कॅमेऱ्याला ही समजूत नसते. त्यामुळे एलईडीवर शिकलेली मुले दिवा कुठे ठेवायचा हे लवकर शिकतात आणि तो किती ठेवायचा हे उशिरा. स्ट्रोबवर शिकणाऱ्याला दिसतच नसल्यामुळे त्याला आधी मोजावे लागते, दिव्याचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो हा नियम अंगवळणी पाडून घ्यावा लागतो आणि मग बटण दाबावे लागते. सावलीची दिशा दाखवायला स्ट्रोबमध्येही एक छोटा मॉडेलिंग लॅम्प असतोच, म्हणजे निम्मी सोय तिथेही आहे.

समोर बसणाऱ्या माणसाचा विचार केला, तर पुस्तकातला आणखी एक युक्तिवाद इथे गळून पडतो. सतत जळणाऱ्या प्रखर दिव्यात डोळ्याची बाहुली आक्रसते, मंद खोलीत स्ट्रोब वापरला तर ती मोठी राहते आणि डोळे अधिक जिवंत दिसतात, असे सांगतात. निळ्या-घाऱ्या डोळ्यांच्या बाबतीत ते दिसतही असेल. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत बाहुली आणि तिच्याभोवतीचे वलय यांचा रंग इतका जवळचा असतो की हा फरक शोधावा लागतो. जो फरक शोधावा लागत नाही, तो बारीक केलेल्या डोळ्यांचा. दोन मोठे एलईडी समोर ठेवून अर्धा तास बसवलेला माणूस हळूहळू भुवया आकसतो, त्याच्या कपाळावर आठ्या येतात, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. कॅमेऱ्याची सवय नसलेल्या वयस्क माणसांना स्ट्रोब फार मानवतो. एकसष्टीच्या नाहीतर पंचाहत्तरीच्या फोटोला आलेल्या आजी विचारतात, “झाला का जी फोटो? मले तं काही समजलंच नाही.” तोवर चांगले दोन-तीन फोटो होऊन गेलेले असतात.

झोतामुळे डोळे मिटतात ही तक्रारही तपासून पाहण्यासारखी आहे. उजेड पडल्यावर पापणी हलायला जो वेळ लागतो, त्याच्या आतच झोत आणि शटर दोन्ही आटोपलेले असतात. म्हणून कोणाचेही डोळे त्याच झोताने मिटलेले येत नाहीत. कॅमेऱ्यावरचा टीटीएल, म्हणजे उजेड आपोआप मोजून घेणारा, फ्लॅश मात्र मुख्य झोताच्या आधी मोजमापासाठी एक बारीक झोत टाकतो, आणि ज्यांची पापणी चपळ असते ते त्या पहिल्या झोताला फसून दुसऱ्यात मिटलेले सापडतात. स्टुडिओत मॅन्युअलवर काम केले की हा प्रश्नच उरत नाही.

इथवर वाचून मी एलईडीचा वैरी आहे असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. गांधीबागेतून साड्यांचे काम येते तेव्हा मी स्ट्रोबला हात लावत नाही. विदर्भातली करवतकाठी साडी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तिचे अंग कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, मुळातच मधासारख्या सोनेरी छटेचे असते, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. कोशाचे सूत एकसारखे गुळगुळीत नसते. उजेड तिरका पडला तर त्याचे पोत उठून दिसते, समोरून पडला तर साडी सपाट, गोणपाटासारखी दिसू लागते. घडी कुठे मोडायची, काठाची रेघ किती तिरकी ठेवायची, चमक नेमकी कोणत्या सुरकुतीवर थांबवायची, हे डोळ्यांसमोर दिवा जळत असतानाच ठरवता येते. बोटाने घडी चिमूटभर सरकवली की झळाळी वीतभर पुढे जाते. स्ट्रोबवर हेच काम म्हणजे एक फोटो, एक दुरुस्ती, पुन्हा एक फोटो असे चालते. संत्र्याच्या बर्फीवरचा चांदीचा वर्ख आणि पोह्यांवर ओतलेल्या तर्रीवरचा तेलाचा तवंगही याच जातीचे. इतवारीच्या सराफ्यातले दागिने तर सर्वांत जास्त, कारण तिथे चित्र खरे तर दागिन्याचे नसून दागिन्यात दिसणाऱ्या पांढऱ्या-काळ्या पुठ्ठ्यांच्या प्रतिबिंबांचे असते, आणि ती प्रतिबिंबे डोळ्यांनी पाहतच रचावी लागतात.

हलत नाहीत अशा या वस्तूंना ताकदीची गरजही नसते. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट असेल, तर शटर अर्धा सेकंद उघडे ठेवून मंद दिव्याखालीही आयएसओ १०० वर हवे तेवढे तेज गोळा करता येते. थेंबाथेंबाने भरला तरी माठ भरतोच. अडचण येते ती माझ्या माडीची. जुन्या इमारतीतल्या लाकडी तख्तपोशीवर कोणी चहा घेऊन आले तरी तिकाटणे थरथरते, म्हणून असले काम चालू असताना जिन्याच्या तोंडाशी मदतनिसाला उभे करावे लागते.

एलईडी निवडताना मात्र दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चकतीवर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर देऊन पांढरेपणा आणलेला असतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु स्वस्त दिव्यांत या मिश्रणात गडद लाल भाग अपुरा राहतो, आणि मग कुंकू विटकरी दिसते, लाल शालू तपकिरीकडे झुकतो. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९५ च्या वर असल्याची खात्री करावी आणि त्यातही लाल रंगाचा आर९ हा आकडा वेगळा विचारावा, कारण सीआरआयच्या सरासरीत तो धरलेला नसतो. दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. स्टुडिओच्या चांगल्या एलईडीत हे टाळलेले असते, पण छतावरची ट्यूब चुकून चालू राहिली तर १/१०० पेक्षा जलद शटरवर दर फोटोत वेगळे तेज येते.

असे करता करता माझ्या स्टुडिओचे वर्ष आपोआप दोन भागांत वाटले गेले आहे. होळीनंतर कूलर बसतो, खिडकी उघडते आणि एलईडी कोपऱ्यात जातात; लग्नसराईचे, साक्षगंधाचे, मुलांचे सगळे फोटो स्ट्रोबवर होतात. दिवाळीपासून पुढे थंडीत कूलर उतरवलेला असतो, खिडक्यांवर जाड काळे पडदे ओढता येतात, आणि त्या बंद, स्वस्थ खोलीत साड्यांची आणि दागिन्यांची कामे एलईडीवर सुरू होतात. मधल्या पावसाळ्यात कूलर निरुपयोगी असतो आणि बंद खोलीत घाम येतो, त्या दिवसांबद्दल फार चांगले बोलण्यासारखे काही नाही.

या वाटणीला अलीकडे धक्का बसला आहे तो रील्समुळे. सराफाला फोटोबरोबर फिरत्या हाराची चित्रफीत हवी असते, साडीवाल्याला पदर उलगडताना दाखवायचा असतो, आणि तिथे स्ट्रोबचा काहीच उपयोग नाही. व्हिडिओत आवाज हवा असेल तर कूलर तर मुळीच चालत नाही. त्याची घरघर प्रत्येक वाक्याच्या मागे ऐकू येते. नवे स्टुडिओ सरसकट एलईडी घेत आहेत त्याचे खरे कारण हे आहे, उजेडाची गुणवत्ता नव्हे, आणि धंद्याच्या दृष्टीने ते कारण पुरेसे आहे. त्यांना मी एवढेच सांगतो की दिव्याच्या आधी एसीचे पैसे बाजूला काढा.

पहिला एकच दिवा घ्यायचा असेल तर कोणता, असे धरमपेठेत किंवा सक्करदऱ्यात नवा स्टुडिओ थाटणारी मुले विचारतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न खोलीत कूलर आहे की एसी हा असतो. कूलर असेल आणि समोर माणसे बसणार असतील, तर ४०० वॅट-सेकंदांचा एक स्ट्रोब आणि चार फुटांची एक छत्री. एसी असेल आणि काम वस्तूंचे किंवा व्हिडिओचे असेल, तर ३०० वॅटचा एलईडी. दोन्ही बाबतींत दिवा बोवेन्स माउंटचाच, म्हणजे पुढची साधने अडकवायला बोवेन्सची खाच असलेलाच, घ्यावा. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिने रुजवलेली ती खाच स्ट्रोब आणि एलईडी दोघांनीही उचलली आहे. त्यामुळे आज घेतलेला, उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स उद्या दुसऱ्या जातीच्या दिव्यावरही बसतो, आणि निम्मा खर्च तर सॉफ्टबॉक्स, स्टँड आणि ग्रिड यांवरच होत असतो.